कोल्यूर

कोल्यूर : फ्रान्समधील भूमध्य समुद्रकाठचे जुने बंदरगाव. स्पेनच्या सरहद्दीजवळ, पिरेनीज पर्वताचे फाटे समुद्रात उतरतात तिथल्या लहानशा उपसागरात ते वसले आहे. इथल्या चालीरीती कातालान (ईशान्य स्पेन व लगतच्या फ्रान्समधील कातालोनिया प्रदेशाच्या) वळणाच्या. राजवाडा, चर्च, धक्का आणि कोळ्यांची जुनी वस्ती एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असल्याने हे गाव पायीच पाहावे.

फेरीची सुरुवात राजवाड्यापासून करावी. मायोर्का या भूमध्य समुद्रातील बेटाच्या राजांचे (राज्यकाल १२७६–१३४४) हे उन्हाळी निवासस्थान. १६५९ च्या पिरेनीज तहाने हा मुलूख स्पेनकडून फ्रान्सकडे गेला आणि व्होबाँ या लष्करी अभियंत्याने राजवाड्याचा पक्का किल्ला केला. तटासमोर मोकळे मैदान हवे म्हणून लगतची जुनी वस्ती चर्चसकट पाडली गेली. नवे चर्च १६८४ ते १६९१ या काळात उभे राहिले ते थेट पाण्याच्या कडेला. जुन्या बंदराचा गोल दीपस्तंभच त्याचा घंटाघर-मनोरा झाला; त्यावरचा गुलाबी घुमट १८१० चा. लाटा भिंतीला लागतात. आत डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे, मग जोसेप सुन्येर याने कोरलेली सोनेरी वेदी हळूहळू उजळत जाते. चर्चमागून धक्क्यावर गेले की सें-व्हेंसाँचे छोटे प्रार्थनामंदिर लागते.

पूर्वी या किनाऱ्यावर तिरप्या त्रिकोणी शिडांच्या रंगीत होड्या ओढून ठेवलेल्या असत. मासेमारी आता नावापुरती उरली आहे, पण अँचोव्ही (आपल्या मांदेलीच्या कुळातला मासा) खारवण्याचा धंदा टिकून आहे. माशाचे डोके आणि आतडी हातानेच काढतात, मग पिंपात एक थर माशांचा, एक मिठाचा असे रचून वर वजन ठेवतात. काही महिन्यांत मांस तांबूस होते. नंतर मीठ धुऊन बोटांनी काटा सोडवायचा. हे नाजूक काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी केले आहे. कोल्यूरची खरी ओळख चित्रांइतकीच या हातांत आहे.

चित्रांची कीर्ती १९०५ च्या उन्हाळ्यातली. आंरी मातीस आणि आंद्रे देरँ या चित्रकारांनी इथे लाल-नारिंगी किनारे रंगवले. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद प्रदर्शनानंतर या शैलीला फॉव्हिझम हे नाव मिळाले. त्यांनी जिथून चित्रे काढली त्या जागी आता प्रतिकृती लावल्या आहेत. चित्र आणि समोरचे दृश्य एकाच नजरेत मावते, ही सोय क्वचितच कुठे मिळते.

गावातल्या दफनभूमीत स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो याची कबर आहे. यादवी युद्धातून आईसह सरहद्द ओलांडून आलेला हा कवी २२ फेब्रुवारी १९३९ रोजी इथेच वारला. तीन दिवसांनी आईही गेली. कबरीशेजारच्या पेटीत वाचक आजही पत्रे टाकतात. त्याच वर्षी राजवाड्यात यादवी युद्धात हरलेल्या स्पॅनिश प्रजासत्ताकवादी निर्वासितांना कैदेत ठेवले होते, हेही ध्यानात ठेवावे.

दम असेल तर जुन्या पवनचक्कीवरून, द्राक्षमळ्यांतून सें-एल्म किल्ल्यापर्यंत चढता येते. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी फार; मे किंवा सप्टेंबर बरा. त्रामोंतान हा जमिनीकडून सुटणारा कोरडा वारा जोरात असेल, तर ही चढण दुसऱ्या दिवसावर टाकावी.