चार अँटेनांची सरमिसळ आणि फोनचे गणित

बेळगावच्या खडे बाजारात दुकानाच्या आत उभे राहून फोन पाहणाऱ्याला मोबाइलचा टॉवर सहसा दिसत नाही. टॉवरवरून निघालेली लहर समोरच्या इमारतीवर आपटते, एखाद्या पत्र्यावरून परतते, गल्लीच्या तोंडाशी वळते आणि अशा अनेक वाटांनी त्याच्यापर्यंत पोहोचते. निपाणीकडच्या तंबाखूच्या मोकळ्या शेतात मात्र टॉवर थेट नजरेसमोर असतो आणि लहर बहुतांशी एकाच सरळ वाटेने येते. दोन्ही ठिकाणी रेंज सारखीच असेल, तर अनेक अँटेना वापरणाऱ्या आजच्या यंत्रणेला बाजारातली भिंतींची गर्दी अधिक सोयीची असते. हे उलटे वाटते खरे, पण त्याचे कारण संकेत ओळखण्याच्या गणितात आहे.

या यंत्रणेत अनेक अँटेना एकाच क्षणी, एकाच वारंवारतेवर वेगवेगळे संकेत पाठवतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील आरोग्यस्वामी पॉलराज आणि पुण्यात जन्मलेले व तेथेच अभियांत्रिकी शिकलेले थॉमस कैलाथ यांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी १९९२ मध्ये अर्ज केला होता. पाठवणे सोपे आहे, खरी कसोटी घेणाऱ्याची लागते. फोनच्या प्रत्येक अँटेनाला सगळ्या संकेतांची बेरीजच मिळते आणि त्या बेरजेत प्रत्येक संकेताचा वाटा त्याच्या येण्याच्या मार्गाप्रमाणे कमी-अधिक असतो. हे वाटे मोजता यावेत म्हणून टॉवर अधूनमधून आधीच ठरलेले संकेत पाठवतो. वाटे कळले की उरतात ती शाळेतली एकसामयिक समीकरणे. फरक एवढाच की प्रत्येक समीकरणात थोडा विद्युत गोंगाट मिसळलेला असतो आणि तो किती हे कोणालाच ठाऊक नसते.

हा थोडासा गोंगाट काय करू शकतो, ते आकड्यांतच पाहावे. समजा, दोन अँटेनांनी प्रत्येकी +१ किंवा −१ पाठवायचे आहे. फोनच्या पहिल्या अँटेनावर पहिला संकेत १ पट आणि दुसरा २ पट पोहोचतो, तर दुसऱ्या अँटेनावर पहिला १ पट आणि दुसरा २.१ पट. दोन्ही संकेत +१ असतील तर ३ आणि ३.१ मिळायला हवेत. गोंगाटामुळे दुसरा आकडा ३.१ ऐवजी २.८ आला असे धरू. आता शाळेतल्या रीतीने समीकरणे सोडवली, तर पहिला संकेत ७ आणि दुसरा −२ असे उत्तर येते. गणित बिनचूक आहे, पण उत्तर निरर्थक आहे, आणि त्यातल्या चिन्हांवर विसंबून निर्णय घेतला तर दुसरा संकेत चुकतो. दोन्ही समीकरणे जवळजवळ सारखीच असल्यामुळे ०.३ एवढा लहान गोंगाट असा फुगतो. निपाणीच्या शेतात नेमके हेच घडते, कारण सगळे संकेत एकाच वाटेने आले की प्रत्येक अँटेनावरचे वाटे एकमेकांसारखे होतात. खडे बाजारातल्या भिंती ते वेगळे ठेवतात. (टॉवरवरच्या अँटेना दोन निरनिराळ्या कोनांत कललेल्या असतात, म्हणून मोकळ्या रानातही निदान दोन प्रवाह बहुधा वेगळे काढता येतात.)

सर्वोत्तम रीत मुळात साधी आहे. पाठवले जाऊ शकणारे सगळे पर्याय एकेक करून तपासायचे आणि मिळालेल्या आकड्यांच्या सर्वांत जवळ जाणारा निवडायचा. वरच्या उदाहरणात पर्याय चारच आहेत, आणि ३ व २.८ या जोडीला ३ व ३.१ हीच जोडी सर्वांत जवळची असल्याने उत्तर लगेच बरोबर येते. पण प्रत्यक्षात एकेका संकेतात ६४ शक्यता असू शकतात. चार अँटेना असल्या तर ६४ चा चौथा घात, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पर्याय होतात. १०० मेगाहर्ट्झ रुंदीच्या ५जी पट्ट्यात ३,२७६ उपवाहक, म्हणजे वारंवारतेचे बारीक तुकडे, असतात आणि प्रत्येकावर सेकंदाला २८,००० वेळा नवा संच येतो, म्हणजे ही तपासणी सेकंदाला सुमारे ९ कोटी वेळा करावी लागेल. खिशातल्या बॅटरीवर ते शक्य नाही.

म्हणून गेल्या तीन दशकांतले बरेचसे संशोधन, कोणते पर्याय न तपासता सोडता येतील, याभोवती फिरत राहिले. सर्वांत स्वस्त सुधारणा अशी की समीकरणे सोडवताना गोंगाटाची अंदाजी ताकद हिशेबात धरायची. वरच्याच उदाहरणात ती ०.१ धरली, तर ७ आणि −२ च्या जागी सुमारे ०.६ आणि १.१ येतात. दोन्ही चिन्हे बरोबर निघतात आणि कष्ट जवळपास तेवढेच पडतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत जेरार्ड फॉशिनी आणि सहकाऱ्यांनी आणखी एक पायरी चढवली. सर्वांत ठळक संकेत आधी ओळखायचा, बेरजेतून तो वजा करायचा, मग उरलेल्यांकडे वळायचे. यात पहिलाच निर्णय चुकला तर पुढचे सगळे बिघडण्याची शक्यता असते, हा तिचा दोष.

मला सर्वांत देखणी वाटते ती गोल-शोधाची पद्धत. तिचा गाभा फिंके आणि पोस्ट यांनी १९८५ मध्ये शुद्ध गणितासाठी मांडला होता, मोबाइलशी त्याचा काही संबंध नव्हता. समीकरणे अशी मांडून घेतात की शेवटच्यात एकच संकेत उरेल, त्याच्या वरच्यात दोन, असे चढत जावे. मग एकेक संकेत धरत जाताना, त्यातून येणारा आकडा मिळालेल्या आकड्यापासून किती दूर आहे, त्या अंतराची बेरीज करत राहायची. ही बेरीज फक्त वाढू शकते, म्हणून ती ठरवलेल्या त्रिज्येबाहेर गेली की त्या फांदीवरचे हजारो पर्याय एका फटक्यात गळतात आणि तरीही सर्वोत्तम उत्तर निसटत नाही. अडचण वेळेची आहे. गोंगाट कमी असला की शोध झटकन संपतो आणि वाढला की लांबतो, चिपला मात्र ठरल्या वेळेतच उत्तर द्यायचे असते. त्यामुळे प्रत्यक्ष चिपमध्ये दर पायरीवर ठरावीक संख्येने उत्तम फांद्या ठेवून बाकीच्या सोडण्याचा मार्ग अधिक व्यवहार्य ठरतो. हमी थोडी सैल होते, पण वेळ पक्की राहते.

५जी टॉवरवर ६४ अँटेना असतात तेव्हा चित्र पालटते. येथे फोन पाठवतात आणि ओळखण्याचे काम टॉवर करतो. अँटेना भरपूर आणि एकाच वेळी बोलणारे फोन थोडे असले की त्यांचे वाटे आपोआप एकमेकांपासून वेगळे पडतात आणि साधी स्वस्त रीतही जवळजवळ सर्वोत्तमाइतकी चालते. फोनची संख्या अँटेनांच्या जवळ जाऊ लागली की ही सवलत संपते. त्या अवघड टोकावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ए. चोक्कलिंगम, बी. सुंदर राजन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक वेगळी वाट दाखवली. स्वस्त रीतीने मिळालेले उत्तर घ्यायचे, त्यातला एकेक संकेत पालटून पाहायचा आणि अंतर कमी होत असेल तरच तो बदल ठेवायचा. नवल असे की अँटेना जितक्या जास्त, तितकी ही स्थानिक शोधाची रीत सर्वोत्तमाच्या जवळ जाते.

गणेश विसर्जनाच्या रात्री एकाच चौकात शेकडो फोन खेटून असतात, तेव्हा त्यांचे वाटे एकमेकांसारखे होण्याचा धोका पुन्हा उभा राहतो. तेथे संकेत ओळखण्याआधीच एक निवड करून टॉवरला आपले काम हलके करता येते. ज्यांचे वाटे पुरेसे वेगळे आहेत असे मोजकेच फोन तो एका क्षणात एकत्र घेतो आणि बाकीच्यांना पुढच्या मिलिसेकंदांत जागा देतो.