बुटातला सुखतळा: मापाचा की दुकानातला?

सपाट तळव्याच्या पोरानं फुटबॉलच्या नादाला लागू नये, असं ठासून सांगणारी माणसं कोल्हापुरात प्रत्येक पेठेत आहेत. त्याचं मूळ भरतीत आहे. इथल्या घराघरांतून पोरं सैन्यात जातात, आणि वैद्यकीय तपासणीत ‘फ्लॅट फूट’ निघाला की वर्षभर पहाटे उठून केलेली तयारी वाया जाते. त्यामुळं सपाट तळवा म्हणजे अधू पाय हे डोक्यात पक्कं बसलंय. आता त्यात स्कॅनिंगची भर पडलीय. काचेच्या यंत्रावर पोराला उभं करायचं, पडद्यावर लाल-पिवळे-निळे ठसे दाखवायचे आणि निकाल द्यायचा, ‘तळव्याची कमान पडलीय, मापाचे इनसोल करून घ्या, नाहीतर पुढं गुडघे जातील.’ इनसोल म्हणजे बुटातला सुखतळा; हे मापाचे इनसोल, म्हणजे ऑर्थोटिक्स, काही हजारांत जातात. खेळाच्या दुकानात तयार इनसोल काही शेकड्यांत मिळतात. मग कुठले घ्यायचे?

उत्तर द्यायच्या आधी त्या भीतीचा हिशेब करू. १९९३ साली अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींच्या तळव्यांची मापं घेऊन त्यांच्या दुखापतींवर लक्ष ठेवण्यात आलं. सगळ्यात सपाट तळव्यांच्या गटाला सगळ्यात कमी दुखापती झाल्या. जास्त झाल्या त्या उंच कमानीवाल्यांना. म्हणजे ज्या पायाकडं बघून आपण हळहळतो, तो निदान त्या मैदानावर तरी जास्त टिकला. दुसरा अभ्यास आपल्याच देशातला, राव आणि जोसेफ या डॉक्टरांचा, १९९२चा. त्यांनी २,३०० मुलांचे पाय तपासले. बूट-चप्पल वापरणाऱ्या मुलांत सपाट तळवा ८.६ टक्के, अनवाणी फिरणाऱ्यांत २.८ टक्के. त्यातही बंद बुटांच्या पोरांत सपाट तळवे चपलांवाल्या पोरांपेक्षा जास्त होते. एवढ्यावरून ‘कोल्हापुरी घाला, कमान वाढवा’ अशी जाहिरात कुणी करू नये. पण लहान पोराला दुसरीपासून आधाराचे बूट घालायची घाई नको, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

मुळात उभ्या पायाचा ठसा फार थोडं सांगतो. वजन कुठं पडतंय एवढं तो दाखवतो. दुखतंय का, दुखेल का, पळताना पाय काय करतो, यातलं त्याला काही कळत नाही. त्यापेक्षा बिनखर्चाची एक चाचणी आहे. अनवाणी सरळ उभं राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं. आता दुसऱ्या कुणालातरी तुमच्या पायाचा अंगठा हातानं वर उचलायला सांगा. चवडा आणि टाच जमिनीवरच. तळव्याच्या आतल्या बाजूला बघा, कमान वर चढते. तुम्ही काहीच केलेलं नाही, तरी चढते. सपाट दिसणाऱ्या बहुतेक पायांतही चढते. असा पाय लवचिक सपाट म्हणायचा. तो दुखत नसेल तर त्याला उपचार लागत नाही. अंगठा उचलूनही कमान हललीच नाही आणि पाय ताठर वाटला, तर मात्र हाडांच्या डॉक्टरला दाखवावं.

पण ही कमान चढते कशी? हा लेख लिहायला बसलो तो खरं तर यासाठीच.

टाचेच्या हाडापासून निघून पाचही बोटांच्या मुळाशी जाणारा एक जाड, चिवट पट्टा तळव्याखाली असतो, प्लांटार फॅसिया. पुढं गेल्यावर तो चवड्याच्या हाडांच्या गोल टोकांखालून वळसा घालून बोटांच्या पहिल्या पेराला चिकटतो. बोट वर वळलं की पट्टा त्या गोल टोकावर गुंडाळला जातो. विहिरीवरच्या रहाटाला दोर गुंडाळला जातो तसाच. जे. एच. हिक्स या ब्रिटिश सर्जननी १९५४ साली हे नीट मांडलं, तेव्हापासून याला विंडलास यंत्रणा म्हणतात. अंगठ्याखाली तर दोन छोटी जादा हाडं आहेत, त्यामुळं तिथला गोल टोकाचा घेर वाढतो आणि पट्टा जास्त गुंडाळला जातो. म्हणून अंगठा सगळ्यात महत्त्वाचा.

आता थोडं गणित, दहावीपुरतं. समजा त्या गोल टोकाची त्रिज्या १ सेंटिमीटर आहे. पळताना टाच उचलल्यावर अंगठा ६० अंशात वळला. ६० अंश म्हणजे पूर्ण फेरीचा सहावा भाग, आणि परिघ सुमारे ६.२८ सेंटिमीटर. म्हणजे पट्टा जवळजवळ १ सेंटिमीटर गुंडाळला गेला. पट्टा फारसा ताणला जात नाही, मग टाच आणि चवडा यांच्यातलं अंतर तेवढं घटायला हवं. पाय म्हणजे एक त्रिकोण धरा. पाया १५ सेंटिमीटर, दोन्ही तिरप्या बाजू साडेआठ-साडेआठ. पायथागोरस लावला की उंची येते बरोबर ४. आता पाया १४ करा, बाजू तेवढ्याच ठेवा. साडेआठचा वर्ग ७२.२५, त्यातून सातचा वर्ग ४९ वजा केला की २३.२५, त्याचं वर्गमूळ ४.८२. एक सेंटिमीटर दोर गुंडाळला आणि माथा आठ मिलिमीटरनं वर गेला! खऱ्या पायात इतकं होत नाही, कारण सांधे अनेक, अस्थिबंधं अनेक आणि पट्टाही थोडा ताणतोच. पण कमान स्नायूंच्या जोरावरच उभी राहते ही समजूत मोडायला एवढं गणित पुरे.

हीच गोष्ट उलटीही चालते. पाय जमिनीवर पडला की शरीराचा भार कमान दाबतो. टाच-चवडा लांब जायला बघतात, पट्टा ताणतो आणि बोटं जमिनीवर दाबली जातात. पळताना हा भार वजनाच्या दुप्पट-तिप्पट असतो. साठ किलोच्या पोराच्या एका पायावर क्षणभर दीडशे किलोच्या आसपास. ताणलेल्या पट्ट्यात आणि अस्थिबंधांत ऊर्जा साठते, पाय सुटताना परत मिळते. किती? १९८७ साली केर, अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत कापलेले पाय यंत्रात दाबून हे मोजलं. ७० किलोचा माणूस बऱ्यापैकी वेगानं पळत असेल तर प्रत्येक पावलाला सुमारे १०० ज्यूल ऊर्जेची उलाढाल होते. त्यातले ३५ ज्यूल टाचेवरचा कंडरा साठवतो आणि १७ ज्यूल तळव्याची कमान. फुकटात. रंकाळ्याभोवती पहाटे पळणाऱ्यांनी आपल्या तळव्याचे आभार मानायला हरकत नाही.

हिक्स यांच्या चित्रात पट्टा गुंडाळला की पाय ताठ होतो. २०१८च्या प्रयोगात मात्र बोटं वर करून पाय दाबल्यावर कमान अधिक ताठ न होता उलट अधिक दबली. २०२० साली मधुसूदन वेंकटेशन, श्रेयस मंद्रे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पायाच्या ताठपणात आडव्या कमानीचाच, म्हणजे तळव्याच्या रुंदीत असलेल्या कमानीचाच, वाटा ४० टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे गोष्ट अजून संपलेली नाही. पण बोट वळलं की कमान चढते, यावर कुणाचा वाद नाही.

आता इनसोलकडं येऊ. कमानीखाली कडक आधार घातला तर तिचं दबणंच अडतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१६ साली नेमकं हेच केलं. खास बनवलेल्या इनसोलनी कमानीचं दबणं जवळपास ८० टक्के रोखलं आणि धावपटूंना सपाटीवर पळायला लावलं. पळण्याचा ऊर्जाखर्च ६ टक्क्यांनी वाढला. चालताना किंवा चढावर पळताना फरक पडला नाही. ते इनसोल मुद्दाम टोकाचे होते, बाजारातले तसे नसतात. पण ‘आधार जितका कडक तितका चांगला’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. आधार चवड्याच्या हाडांच्या टोकांखाली पुढपर्यंत आला तर आणखी एक घोळ होतो. अंगठ्यामागचं हाड खाली सरकायला जागा उरत नाही आणि अंगठा वळायला अडखळतो. म्हणून चांगल्या इनसोलचा कडक भाग चवड्याच्या अलीकडंच संपतो.

मग इनसोल काम तरी काय करतो? जुनी कल्पना अशी, की तो वाकडी हाडं सरळ रेषेत आणतो. हाडांत पिना बसवून धावपटूंच्या हालचाली मोजल्या, तेव्हा इनसोलमुळं हाडांच्या हालचालीत पडणारा फरक बारीक निघाला आणि प्रत्येक माणसात वेगळा. आज पटणारी गोष्ट साधी आहे. इनसोल भार सरकवतो. दुखऱ्या जागेवरचा ताण थोडा कमी करतो, तो ताण दुसरीकडं जातो. पायाचा आकार बदलत नाही. ‘सहा महिन्यांत कमान तयार होईल’ असं कुणी सांगत असेल तर पाकीट खिशातच ठेवा.

मापाचे आणि तयार यांची समोरासमोर तुलनाही झालीय, मुख्यतः टाचदुखीत. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं टाकताना कळ येते ती, म्हणजे याच पट्ट्याची तक्रार. १९९९ च्या अमेरिकी अभ्यासात २३६ रुग्णांना ताणाचे व्यायाम, म्हणजे स्ट्रेचिंग, दिले, त्यातल्या काहींना जोडीला वेगवेगळे इनसोल. आठ आठवड्यांनी सिलिकॉनचा टाचेचा पॅड वापरणारे ९५ टक्के सुधारले, रबराचा हील कप वापरणारे ८८, फेल्टवाले ८१, नुसते व्यायाम करणारे ७२, आणि मापाचे महागडे वापरणारे ६८. २००६ साली ऑस्ट्रेलियात नकली, तयार आणि मापाचे असे तीन प्रकार ताडून पाहिले. तीन महिन्यांनी तयार आणि मापाच्या इनसोलनी हालचाल थोडी सुधारली होती, दोन्हींनी सारखीच. वर्षअखेरीला तिन्ही गट एकाच जागी. दुखापत टाळण्याबद्दल सांगायचं, तर ऑस्ट्रेलियाच्या नौदलातल्या ३०६ नव्या भरतीच्या जवानांत तयार इनसोलनी पायाच्या इजा साधारण एक तृतीयांशानं कमी दिसल्या, पण हा फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणण्याइतका आकडा भक्कम नव्हता. आणि फोड, कमानीत दुखणं अशा तक्रारी त्यांच्यात जास्त होत्या.

जाता जाता चुंबकवाल्यांनाही एक टोला. प्रदर्शनात चुंबकाचे, तांब्याचे, ‘ऊर्जाबिंदू’ दाबणारे इनसोल विकणारा एक तरी स्टॉल असतोच. टाचदुखीवर चुंबकी आणि हुबेहूब तसेच दिसणारे बिनचुंबकी इनसोल यांची तुलना २००३ सालीच झालीय. फरक शून्य. आपल्या रक्तातलं लोह लोखंडाच्या किसासारखं चुंबकाकडं धावत नाही. धावलं असतं तर एमआरआयच्या खोलीतून कुणी जिवंत बाहेर आलं नसतं.

तर माझं मत असं. खेळणाऱ्या धडधाकट माणसाला पाय दुखत नसेल तर काहीच नको, बुटासोबत आलेला सुखतळा पुरे. दुखत असेल तर आधी दुकानातला, तोही निवडायचा तो पायाला विचारून. सैनिकांपुढं सहा प्रकारचे इनसोल ठेवून बेन्नो निग आणि सहकाऱ्यांनी आपापला आरामदायी निवडायला सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी एकच निवडला नाही, आणि निवडलेला इनसोल वापरणाऱ्यांची दुखणी कमी झाली. घालून चार उड्या मारा, टोचला तर तो तुमचा नव्हे. मऊ म्हणजे चांगला असंही नाही. अंगठ्यानं दाबल्यावर फसणारा स्पंज महिन्यात चपटा होतो.

मापाचा इनसोल लागतो तो वेगळ्या पायांना. खूप उंच, दुखरी कमान, ताठर किंवा बिघडलेल्या आकाराचा पाय, संधिवात, किंवा मधुमेहानं तळव्याची संवेदना गेलेली. या शेवटच्या लोकांनी दुकानात जाऊन प्रयोग करूच नयेत, टोचलेलं त्यांना कळत नाही आणि जखम वाढत जाते. तयार इनसोल आणि व्यायाम तीन महिने नेटानं करूनही फरक नसेल, तरीही तज्ज्ञाकडं जा. हाडावर एकाच ठिकाणी दाबल्यावर कळ, रात्री झोपेत दुखणं, बधिरपणा असेल तर तीन महिनेही थांबू नका.

व्यायामाचं नाव काढलंच आहे, तर रहाट इथं परत कामाला येतो. डेन्मार्कच्या मिकेल राथलेफ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली टाचदुखीच्या रुग्णांना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच वर-खाली करायला लावली, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून. बोटं वर वळलेली, त्यामुळं पट्टा आधीच ताणलेला, त्यावर भार. दिवसाआड, हळूहळू वजन वाढवत. तीन महिन्यांनी नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा यांचं दुखणं स्पष्ट कमी होतं. वर्षानंतर दोघांत फरक उरला नाही, पण फुटबॉलच्या हंगामात तीन महिने म्हणजे सगळंच.

फुटबॉल खेळणाऱ्यांसाठी एक अडचण वेगळी आहे. स्टडचे बूट अंगासरशी घट्ट असतात. जाड इनसोल आत गेला की टाच वर उचलली जाते आणि बुटाच्या काठावरून सटकते, पुढं बोटं चेपतात. म्हणून आतला मूळ सुखतळा काढूनच नवा घाला, आणि पातळ किंवा चवड्यापर्यंतच असलेला बघा. रोजच्या पळायच्या बुटातला काढून त्यात घालायचा असेल तर तो तिथं मावत नाही, हे आधीच समजून चला. मापाचा करायचं ठरलंच, तर माप द्यायला जाताना खेळायचेच बूट पिशवीत घालून न्या आणि बनवणाऱ्याला त्यात बसवून दाखवायला सांगा. पहिले काही दिवस सरावात अर्धा-एक तासच घाला. शाहू स्टेडियमवर सामना असेल त्या दिवशी नवा इनसोल नको.