स्टिअरिंग कॉलममधील फेरबदल (जुने पिकअप ट्रक)

जुन्या पिकअप ट्रकचा मूळ स्टिअरिंग कॉलम (स्टिअरिंग चक्राला धरणारी नळी व तिच्यातील दांडा) कापून पुन्हा जोडणे किंवा त्याजागी नंतरच्या गाडीचा कॉलम बसवणे. ही प्रथा मुख्यतः अमेरिकेतील असून, शेव्हरोलेच्या ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील (1947–55) 3100 हा अर्ध्या टनाचा ट्रक तिचे ठळक उदाहरण मानता येईल.

या ट्रकमध्ये स्टिअरिंग चक्राखालचा दांडा आणि स्टिअरिंग बॉक्समधील (चक्राची फिरकी चाके वळवण्यासाठी पुढे देणाऱ्या पेटीतील) वर्म म्हणजे मळसूत्री गिअर हे मिळून एकच अखंड पोलादी अंग होते. बाहेरची नळी काढली तरी दांडा बॉक्सपासून सुटत नाही. त्यामुळे पॉवर स्टिअरिंग किंवा रॅक अँड पिनियन (दातेरी पट्टी व चाकाची स्टिअरिंग रचना) बसवताना, अथवा मूळ सहा सिलिंडरी इंजिनाच्या जागी घातलेल्या व्ही-8 इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जोड) दांड्याला अडू लागला की, कॉलमला हात लावावाच लागतो. समोरून धडक बसून बॉक्स मागे रेटला गेल्यास अखंड दांडा थेट चालकाच्या छातीवर येतो, हा त्याचा मोठा दोष होय.

धडकेत आपोआप दबणाऱ्या कॉलमचे श्रेय कोणाचे, याबद्दल एकमत नाही. मर्सिडीझ-बेंझचे अभियंते बेला बारेनी (1907–97) यांनी ही कल्पना बरीच आधी मांडून तिचे पेटंट घेतले होते. जनरल मोटर्सने मात्र जाळीदार नळीचा कॉलम 1967 च्या मॉडेलांपासून, म्हणजे बहुधा 1966 च्या शरदापासूनच, आपल्या मोटारींत सर्रास दिला. कल्पनेचा मान बारेनी यांना आणि मोठ्या प्रमाणावरील प्रसाराचा जनरल मोटर्सला, अशी विभागणी अधिक ग्राह्य वाटते. 1 जानेवारी 1968 पासून अमेरिकेत मोटारींना लागू झालेल्या नियमानुसार ताशी सुमारे 48 किमी. वेगाने भिंतीवर आदळल्यावर कॉलम 127 मिमी.पेक्षा अधिक मागे सरकता कामा नये. हलक्या ट्रकांना हे बंधन त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, साधारणपणे 1981 च्या सुमारास, आले.

मूळ कॉलम कापून त्याच्या टोकाशी बेअरिंग बसवल्यास ट्रकचे जुने रूप टिकते, पण चालकापुढचा भाग न दबणाराच राहतो. म्हणून 1973–87 च्या शेव्हरोले पिकअपमधील टिल्ट कॉलम (चक्राचा कोन खालीवर करता येणारा कॉलम) घेणे अधिक इष्ट होय. त्यात चावी कॉलमवरच असल्याने डॅशबोर्डवरील मूळ चावीचे भोक रिकामे उरते. काही हौशी मालक तेथे नुसतीच दिखाऊ चावी ठेवतात.

नवा कॉलम व बॉक्स सहसा एका रेषेत येत नाहीत, म्हणून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट (कोनात असलेल्या दोन दांड्यांमध्ये फिरती गती नेणारा सांधा) घालतात. यास युरोपात इटालियन विद्वान कार्डानो याच्या, तर इंग्रजी ग्रंथांत इंग्लिश शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याच्या नावाने ओळखतात. कार्डानोचे वर्णन टांगत्या कड्यांचे असल्याने फिरती गती वाहून नेणाऱ्या सांध्यापुरता हुकचा दावा अधिक सबळ दिसतो. असा एकच सांधा 30 अंशांत वाकवला, तर चक्र एकसारखे फिरवूनही पुढच्या दांड्याची गती 0.87 ते 1.15 पट अशी कमीजास्त होत राहते आणि हाताला स्टिअरिंग कधी जड, कधी हलके लागते. दोन सांध्यांचे कोन सारखे ठेवून मधल्या दांड्यावरील दोन्ही काटे (सांध्यांचे दुभंगलेले टोक) एका पातळीत आणले की हा दोष निघून जातो. तिसरा सांधा आल्यास मधल्या दांड्याला चॅसिसवर आधाराचे बेअरिंग द्यावेच लागते, अन्यथा दांडा उसळतो. सांधा दांड्यावर पक्का करणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) केवळ आवळून भागत नाही. त्याच्या टोकासाठी दांड्यात ड्रिलने खळगा पाडून वर लॉकनट लावतात.

दबणाऱ्या कॉलममधील दांड्याचे दोन भाग प्लॅस्टिकच्या बारीक पिनांनी धरून ठेवलेले असतात. चक्र निघत नाही म्हणून दांड्याच्या टोकावर हातोडी मारली की या पिना तुटतात, दांडा आत सरकतो आणि कॉलम निकामी होतो. चक्र पुलरनेच (ओढून काढण्याच्या अवजारानेच) काढावे लागते.

भारतात 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व मोटारींची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. त्यासाठी वाहन मूळ रूपात असावे लागते आणि चॅसिस, बॉडी अथवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत.