गाडीला करंट का येतो?

पानशेतजवळच्या एका शेतावर, भर पावसात, अनवाणी उभा राहून मी आमच्या कॅम्पर व्हॅनचं दार उघडायला गेलो आणि बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्या आल्या. भाचा आतून म्हणाला, "मामा, मी मघापासून पत्र्याला टेकून बसलोय, मला काहीच लागत नाही!" खरंच होतं ते. तो पूर्ण गाडीत होता. माझा हात गाडीला होता आणि पाय ओल्या गवतात. धोका असतो तो नेमका चढता-उतरताना.

गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून तुटलेली. शेतघराच्या बोर्डावरून वीज घेतली, की केबलमधली हिरवी वायर, म्हणजे अर्थिंगची वायर, हीच तिची जमिनीकडे जायची वाट. ती तुटली असेल तर काय होतं? बॅटरीच्या चार्जरमध्ये, लॅपटॉपच्या अडॅप्टरमध्ये विजेतला गोंगाट (नॉइज) गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते एका बाजूने फेजला, दुसऱ्या बाजूने न्यूट्रलला आणि मध्ये अर्थला जोडलेले. अर्थ लटकता राहिला, की मधल्या जोडावर 230 च्या साधारण निम्मे व्होल्ट येतात, आणि तो जोड गाडीच्या पत्र्यालाच असतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या मुंग्या.

लोक इथेच थांबतात, "थोडा करंट मारतो, चालायचंच" म्हणतात. मला याचीच भीती वाटते. उद्या एखाद्या फेज वायरचं इन्सुलेशन घासून ती पत्र्याला टेकली, तर पूर्ण 230 व्होल्ट दारावर येतील. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर 230 मिलिअँपिअर. माणसांसाठी बसवायचा आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखून वीज तोडणारा स्विच, 30 मिलिअँपिअरलाच पडतो, यावरून अंदाज घ्या. अर्थ शाबूत असेल तर गळती होताक्षणीच तो पडतो. अर्थ नसेल तर कुणीतरी हात लावेपर्यंत वाट बघतो.

टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे, एवढंच कळतं. अर्थबद्दल तो काहीच बोलत नाही. मल्टिमीटर लावला. फेज-न्यूट्रल 228, छान. फेज-अर्थही जवळपास तेवढंच यायला हवं, न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. आमच्याकडे फेज-अर्थ नव्वदच्या आसपास डुगडुगत होतं. असा अधांतरी आकडा दिसला, की अर्थ कुठेतरी तुटलाय. मेन स्विच पाडून प्लग टॉप खोलला. वरची जाड पिन जागच्या जागी होती, पण तिला वायरच नव्हती! ती पिन लांब ठेवतात ती यासाठी, की आत जाताना अर्थ सर्वांत आधी जुळावा आणि बाहेर येताना सर्वांत शेवटी सुटावा. इथे सगळी हुशारी वाया.

दुसरा घोळ केबलच्या जाडीचा. 0.75 स्क्वेअर एमएमची 30 मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन 60 मीटर, रोध दीडेक ओहम. दीड हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावली, की साडेसहा अँपिअर. दहा व्होल्ट वाटेतच जातात आणि साठेक वॉट वायरीत जिरतात. वायर गुंडाळीतच ठेवली तर उष्णता कोंडून इन्सुलेशन वितळतं. त्याहून वाईट सैल पिन. अर्ध्या ओहमचा ढिला जोड तेवढ्याच करंटला 20 वॉट तापतो, तेही नखाएवढ्या जागेत. छोटा सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा असतो! ही शेगडी 6 अँपिअरच्या सॉकेटला लावूच नये, तिला 16 चाच हवा. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून, मी अडीच स्क्वेअर एमएमची तीन कोअर केबल आणली. महाग पडली, जडही आहे, पण संध्याकाळभर शेगडी चालवूनही हाताला गार लागते.

त्या दिवशी शेतमालक काका शेजारी छत्री धरून सगळं बघत होते. "पंपाला लावताना वायर पुरेना, म्हणून ती हिरवी तोडली होती," ते म्हणाले. मग जरा वेळाने, "पंपाची पेटी पण लोखंडीच आहे. तुमचा तो मीटर घेऊन येता का विहिरीकडे?"