जर्मनीत चौथीनंतरच पोरांची वाटणी का होते, त्याची मागची गोष्ट

जर्मनीत सेटल झालेल्या आपल्या मराठी लोकांच्या घरी पोरगं तिसरी-चौथीत गेलं की एकच विषय, गिम्नाझियम मिळणार का. गिम्नाझियम म्हणजे व्यायामशाळा नाही हो, युनिव्हर्सिटीकडे नेणारी शाळा. बहुतेक राज्यांत चौथीनंतर (बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये सहावीनंतर) मुलं वेगळी होतात, जुन्या पद्धतीत वाटा तीन, अभ्यासात पुढे असलेले गिम्नाझियमला, मधले रेआलशुलेला, उरलेले हाउप्टशुलेला आणि तिथून मग बहुतेक हाताचं काम शिकायला. आपल्याकडे चौथीच्या स्कॉलरशिपमध्ये नाव आलं नाही तर मामा-मावशी चार दिवस बोलायचे नि विसरायचे, तिथे शाळाच बदलते.

गंमत म्हणजे ही चौथीची रेघ एकेकाळी सुधारणा होती. आधी पैसेवाल्यांची पोरं पहिलीपासूनच फीवाल्या वेगळ्या शाळेत जायची, १९२० च्या कायद्याने निदान चार वर्षं तरी सगळ्यांना एका बाकावर बसवलं. तडजोड होती ती, पण बसली ती बसलीच. १९४७ मध्ये दोस्त राष्ट्रांनी सांगून पाहिलं की शाळा एकत्र करा, पश्चिम जर्मनीत, खासकरून बव्हेरिया राज्यात, कोणी ऐकलं नाही. पूर्व जर्मनीत मात्र १९४६ लाच एकत्र शाळा आली आणि मला वाटतं तिथेच घोळ झाला, कारण मग पश्चिमेत एकत्र शाळा म्हणजे कम्युनिस्टांचं खूळ असं म्हणायची सोय झाली.

फिनलंडमध्येही अकराव्या वर्षी अशीच वाटणी व्हायची बरं का, पण त्यांनी १९६८ ला कायदा केला आणि १९७२ मध्ये उत्तरेला लॅपलंडपासून सुरुवात करून १९७७ पर्यंत हेलसिंकीपर्यंत नऊ वर्षांची एकच शाळा आणली, शिवाय मास्तरांनाही मास्टर्स डिग्री लागायला लागली.

मग डिसेंबर २००१ मध्ये पिसा परीक्षेचा (देशोदेशीच्या पंधरा वर्षांच्या मुलांची तुलना करणारी परीक्षा) पहिला निकाल लागला. वाचनात फिनलंड ५४६ गुणांनी पहिला, जर्मनी ४८४, म्हणजे ५०० च्या सरासरीखाली. त्याहून झोंबणारं म्हणजे घरची परिस्थिती आणि मुलाचे मार्क यांचं नातं सगळ्यात घट्ट असलेल्या देशांत जर्मनी होता. पेपरवाल्यांनी 'पिसा शॉक' नाव दिलं, मग दुपारीच सुटणाऱ्या शाळा दिवसभर चालवायला सरकारने ४ अब्ज युरो काढले, राज्यांनी मिळून इयत्तेगणिक काय यायला हवं ते ठरवलं, पुढे कित्येक राज्यांनी हाउप्टशुले-रेआलशुले एकत्रही केल्या. गिम्नाझियमला मात्र हात नाही.

अर्थात फिनलंडही आता २०२२ ला वाचनात ४९० वर घसरलाय आणि जर्मनी ४८० वर, त्यामुळे सगळं खापर वाटणीवर फोडता येत नाही.

या वाटणीला हात लावायचा एक प्रयत्न हॅम्बुर्गने (हे शहरच एक राज्य आहे) केला, चारऐवजी सहा वर्षं सगळी एकत्र. विधानसभेत सगळे पक्ष तयार, पण पालकांनी सह्या गोळा करून जुलै २०१० मध्ये सार्वमत घ्यायला लावलं आणि योजना पाडली, महापौरांनी तर त्याच दिवशी पद सोडत असल्याचं जाहीर केलं.