रेरा चटई क्षेत्र

सदनिकेच्या वापरायोग्य क्षेत्रफळाची, स्थावर संपदा अधिनियम २०१६ (रेरा) याने देशभरासाठी ठरवून दिलेली व्याख्या. विक्रीशी संबंधित तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. त्याआधी एकाच फ्लॅटचे कार्पेट (म्हणजेच चटई), बिल्टअप (भिंतींसह) आणि सुपर बिल्टअप असे तीन आकडे चालत. सुपर बिल्टअपमध्ये जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा ‘लोडिंग’ म्हणून चढवला जाई. ते किती असावे याला बंधन नसल्याने दोन इमारतींतील प्रति चौरस फूट दराची तुलना निरर्थक ठरे.

चटई क्षेत्रात खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय, आतला पॅसेज आणि आतील विभाजक भिंतींखालची जागा येते. बाहेरच्या भिंती, डक्ट (पाइप वगैरेंची उभी पोकळी), स्वतंत्र बाल्कनी किंवा व्हरांडा आणि खुली गच्ची वगळली जाते. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) २०१७ मधील स्पष्टीकरणानुसार सदनिकेच्या बाह्य बाजूवरील भिंत ती बाहेरची. सदनिकेच्या आतली भिंत किंवा खांब विभाजक भिंतीत धरायचा. जुन्या मोफा (महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अ‍ॅक्ट) कायद्याखालच्या करारनाम्यांत बाल्कनी कार्पेटमध्येच असे, म्हणून पुनर्विक्रीचा जुना फ्लॅट आणि नवा फ्लॅट यांचे ‘कार्पेट’ थेट ताडून पाहू नये.

मोजणी मंजूर नकाशा हाती घेऊन करावी. लेझर मीटर फरशीला समांतर, स्कर्टिंगच्या (भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीच्या) वर धरून प्रत्येक खोलीची लांबी आणि रुंदी दोन-दोन ठिकाणी घ्यावी. दोन्ही कर्ण जुळले नाहीत तर खोली गुणियात (काटकोनात) नाही. मग ती त्रिकोणांत पाडून मोजावी. आकडे मीटरमध्ये दोन दशांशांपर्यंत लिहावेत, बेरीज झाल्यावरच १०.७६४ ने गुणून चौरस फूट काढावेत. खोलीगणिक फूट-इंचांत पूर्णांक केले की चूक साचत जाते.

उदाहरणार्थ, हॉल ४.५० × ३.०५, बेडरूम ३.३५ × ३.०५, स्वयंपाकघर २.७५ × २.१५, न्हाणीघर २.१० × १.२५, शौचालय १.२० × ०.९० आणि पॅसेज १.८० × ०.९५ मीटर. बेरीज ३५.२७ चौ. मी. विभाजक भिंती १२ मीटर लांब, गिलाव्यासह १४ सें.मी. जाड: १.६८ चौ. मी. रेरा चटई क्षेत्र ३६.९५ चौ. मी., म्हणजे सुमारे ३९८ चौ. फूट. टेप लावून प्रत्यक्ष मिळणारी मोकळी जमीन मात्र ३८० चौ. फूटच. या १८ चौ. फुटांवरून ताबा घेताना वाद होतात, पण एवढ्यावरून बिल्डरने काही कापले असे होत नाही.

खरी गफलत वेगळीकडे होते. दाराखालची जागा विभाजक भिंतीच्या लांबीत आधीच आलेली असते. उंबरठा पुन्हा मोजला की ती दोनदा धरली जाते. बंदिस्त करून हॉलला जोडलेली बाल्कनी प्रत्यक्षात हॉलच दिसते, पण मंजूर नकाशात बाल्कनी असेल तर ती बाल्कनीच. गिलाव्याबद्दल अधिनियमाची व्याख्या काही बोलत नाही, ही तिची मोठी उणीव. वरील उदाहरणातल्या बेडरूममध्ये चारही भिंतींवर १० मि.मी. गिलावा चढला तर सुमारे १.४ चौ. फूट जातात, न्हाणीघरात टाइल आणि मसाला मिळून २५ मि.मी. धरले तर १.८ चौ. फूट. त्यामुळे माप उघड्या वीटकामाचे की तयार भिंतीचे, हे करारनाम्यात लिहून घेणे फार गरजेचे आहे.

महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्यात ३ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य आहे. वरील फ्लॅटला ती सुमारे १२ चौ. फूट होते. ही सूट फुकटची नाही. भोगवटा प्रमाणपत्रानंतर अंतिम क्षेत्र कमी भरले तर जादा घेतलेली रक्कम प्रवर्तकाने (बिल्डरने) ४५ दिवसांत व्याजासह परत करायची, वाढले तर खरेदीदाराने फरक पुढच्या हप्त्यात भरायचा; दोन्हीकडे दर कराराचाच.