पाहुणा बिथरला की खापर कुणावर? टॉक शोमधल्या तमाशांची पार्श्वभूमी

दर दोन-चार महिन्यांनी एखादी क्लिप येतेच. कुणीतरी मोठा माणूस मुलाखतीच्या सोफ्यावर बसून काहीतरी भलतंच बरळलेला असतो आणि आमच्या सोलापुरात सात रस्त्याला चहाच्या गाड्यापाशी चार पोरं एका मोबाईलवर वाकून "काय बे हे, पिऊन आलंय का काय" करत बघत असतात. त्यांना वाटतं हे सगळं रील्सच्या जमान्यात सुरू झालं. तसं अजिबात नाहीये, हा धंदा पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे, आणि त्यात मला तरी सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतं ते पाहुणा काय बोलला हे नाही, तर शेवटी खापर कुणाच्या डोक्यावर फुटलं हे. कारण ते दर वेळी वेगळ्याच माणसाच्या डोक्यावर फुटलंय.

अमेरिकेत एनबीसी चॅनलवर 1954 साली 'टुनाइट शो' सुरू झाला, टेबलामागे होस्ट, बाजूला पाहुणा, समोर पब्लिक, हा साचा तिथून पक्का होत गेला. लोकांना वाटतं पाहुणा येतो आणि गप्पा मारतो. तसं नसतं. आधी शोचा एक प्रोड्युसर पाहुण्याला फोन करतो, कुठले किस्से सांगणार ते विचारून घेतो, त्याची कार्डं बनवून होस्टच्या हातात देतो, म्हणजे होस्टला उत्तर आधीच माहीत असतं आणि तो प्रश्न नुसता ढकलतो. आता एवढं सगळं ठरवून ठेवल्यावर एखादा पाहुणा त्या कार्डाबाहेर गेला की होस्टच्या हातात काहीच राहत नाही, आणि नेमकं तेच बघायला लोकांना मजा येते.

सुरुवातीची एक गाजलेली केस इंग्लंडची. 1 डिसेंबर 1976, थेम्स टेलिव्हिजनचा 'टुडे' नावाचा संध्याकाळचा लाइव्ह कार्यक्रम. येणार होता क्वीन बँड, तो ऐनवेळी आला नाही म्हणून त्याच रेकॉर्ड कंपनीची सेक्स पिस्टल्स नावाच्या बँडची नवी पोरं पाठवली. होस्ट बिल ग्रंडी. त्याने पोरांना गप्प करायच्या ऐवजी उलट डिवचलं, बोला अजून काहीतरी भयंकर बोला म्हणून, आणि ती बोलली की! चहाच्या टायमाला घराघरात शिव्या. दुसऱ्या दिवशी पेपरांची पहिली पानं भरली. ग्रंडीला दोन आठवडे सस्पेंड केलं, पुढे तो कार्यक्रमही बंद पडला आणि त्याचं करिअर काही परत उभं राहिलं नाही. बँडलाही रेकॉर्ड कंपनीने महिना-सव्वा महिन्यात सोडलं, पण त्यांचं नाव जे झालं ते झालंच. म्हणजे शिव्या पाहुण्यांनी दिल्या आणि कायमचा मेला होस्ट. (डिवचलं त्यानेच होतं म्हणा.)

मग येतो अमेरिकेतला टॉक शोचा होस्ट डेव्हिड लेटरमनचा काळ. 28 जुलै 1982 ला त्याच्या शोमध्ये कॉमेडियन अँडी कॉफमन मानेला पट्टा लावून आला, शेजारी पैलवान जेरी लॉलर, ज्याने त्याला मेम्फिसच्या रिंगणात आपटलं होतं. बोलता बोलता लॉलरने उठून अशी थोबाडीत दिली की कॉफमन खुर्चीवरून खाली. कॉफमनने उठून शिव्यांचा भडिमार केला, त्याच्या अंगावर कॉफी फेकली. लोकांना वाटलं खरंच पेटलंय. कॉफमन 1984 मध्ये गेला, आणि हे सगळं दोघांनी मिळून ठरवलेलं होतं हे उघड व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली. आपल्याकडे यात्रेतली कुस्ती बघणाऱ्या माणसाला नूरा कुस्ती लांबून ओळखू येते, इथे मात्र भलेभले फसले. बरोब्बर पाच वर्षांनी, परत 28 जुलैलाच, 1987 मध्ये क्रिस्पिन ग्लोव्हर नावाचा नट तिथेच विग आणि हे एवढे उंच बूट घालून आला आणि लेटरमनच्या तोंडासमोरून लाथ फिरवली. लेटरमन सरळ उठून निघून गेला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. लेटरमनचा शो लाइव्ह नव्हता, संध्याकाळी रेकॉर्ड करून रात्री उशिरा दाखवायचे. मध्ये काही तास हातात असायचे. शिव्यांवर बीप टाकायला तो वेळ पुरला, पण प्रसंग कापून टाकावा असं कुणाला वाटलं नाही. माझ्या मते खरा बदल इथे झाला. ग्रंडीच्या वेळी चॅनलला घाम फुटला होता, लेटरमनच्या वेळी चॅनलला कळलं होतं की हेच विकलं जातं.

पुढचं भराभर सांगतो. 23 मे 2005 ला हॉलिवूडचा नट टॉम क्रूझ ओप्रा विन्फ्रेच्या टॉक शोमध्ये सोफ्यावर चढला, प्रेमात पडलो म्हणून. खरं तर कुणाचं काही वाकडं झालं नाही, पण यूट्यूब त्याच वर्षी सुरू झालेलं, आणि अख्ख्या मुलाखतीतले ते काही सेकंदच जगभर फिरत राहिले. 2006 मध्ये पॅरामाउंट या पिक्चर कंपनीने त्याच्याशी करार संपवला तेव्हा कंपनीच्या मालकाने त्याच्या वागण्याचं कारण उघडपणे दिलं. 2009 मध्ये वाकिन फिनिक्स हा नट दाढी वाढवून, काळा गॉगल लावून लेटरमनकडे आला, धड एका प्रश्नाला उत्तर नाही, वर तोंडातलं च्युइंगम काढून टेबलाखाली चिकटवलं. सगळे म्हणाले गडी गेला कामातून. पुढच्या वर्षी कळलं की हे एका पिक्चरसाठी केलेलं नाटक होतं. तेव्हापासून कुणी बिथरलं की पहिला संशय हाच, की पिक्चर कधी येतोय?

आपल्याकडे हे उशिरा का आलं? दूरदर्शनवर तबस्सुमचं 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' 1972 ते 1993 चाललं, पण तिथे पाहुणा बिथरणार कसा, सरकारी चॅनल, एकच चॅनल, तिथून नाव कटलं तर जाणार कुठं? आणि त्याच्याही आधीपासून आपल्याकडे प्रकट मुलाखत आहे. आता हुतात्मा स्मृती मंदिरात एखाद्या नटाची प्रकट मुलाखत ठेवली तर बघा काय होतं. पाहुणा सकाळी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने उतरतो, स्टेशनवर चार कार्यकर्ते, दुपारी कुणाच्या तरी घरी शेंगाचटणी, कडक भाकरी, "अजून एक घ्या की सर", संध्याकाळी स्टेजवर हार-नारळ आणि अंगावर चादर. एवढं झाल्यावर कोण लाथ फिरवेल हो! फार फार तर माइकवरून कुरकुर करेल. मराठी चॅनलवरचे शो पण त्याच वळणावर गेले, अवधूत गुप्तेच्या 'खुपते तिथे गुप्ते'च्या नावातच खुपणं आहे पण तिथंही खुपतं ते मापातच. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, नाटकातले, दादा-ताई करणारे. सभ्यपणा म्हणा नाहीतर भीड म्हणा, मला दोन्ही थोडं थोडं वाटतं.

केबल आली आणि गणित बदललं. 1995 मध्ये स्टार प्लसच्या 'निक्की टुनाइट'मध्ये पत्रकार अशोक राव कवी गांधीजींबद्दल अपशब्द बोलले, देशभर गदारोळ झाला आणि अख्खा शोच गुंडाळला. म्हणजे खापर चॅनलवर. नंतर 2004 ला 'कॉफी विथ करण' आला आणि पाहुण्याने घसरावं हाच फॉरमॅट झाला, रॅपिड फायर म्हणजे दुसरं काय. नटनट्या घसरल्या तरी फारसं बिघडत नव्हतं, चार दिवस चर्चा, मग विसरलं.

6 जानेवारी 2019 च्या एपिसोडमध्ये मात्र क्रिकेटर बसले होते. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल. हार्दिक बायकांबद्दल जे बोलला त्यावर एवढा संताप उसळला की बीसीसीआयने दोघांना ऑस्ट्रेलिया दौऱ्यातूनच सस्पेंड केलं, एपिसोड हॉटस्टारवरून काढला, पुढे प्रत्येकी 20 लाख दंड. बोलला त्याचं समर्थन कुणी करू नये. पण हा शो रेकॉर्डेड असतो, एडिट होतो, म्हणजे ते वाक्य किती जणांनी बसून पाहिलं असेल आणि राहू दे म्हटलं असेल? करण जोहरने दिलगिरी व्यक्त केली, शो चालूच राहिला. नट हा स्वतःचा मालक असतो, क्रिकेटरच्या डोक्यावर बोर्ड असतं, फरक एवढाच.

आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तर टीव्हीची पण गरज उरली नाही. कॉमेडियन समय रैनाच्या यूट्यूब शोवर पाहुणा म्हणून बसलेला यूट्यूबर रणवीर अलाहबादिया आई-वडिलांवरून घाण बोलला, महाराष्ट्र सायबरपासून गुवाहाटीपर्यंत गुन्हे दाखल, रैनाने सगळे एपिसोड काढून टाकले, सुप्रीम कोर्टाने रणवीरला अटकेपासून संरक्षण दिलं पण झाप झाप झापलं आणि पासपोर्ट जमा करायला लावला. इथे होस्ट, पाहुणा, बाकीचे बसलेले, सगळेच अडकले. आता चॅनलच नाही म्हटल्यावर मध्ये कुणी आड यायलाही उरलं नव्हतं.